थांबा आठ तास

सावद्याच्या स्टँडसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, पॅनकार्ड, पीकविमा,
आणि बोर्डावर मागाहून रंगवलेलं: व्हिसा.
अक्षर जरा तिरकं आलंय.
रंगाऱ्याचा मुलगा नवा होता.

फिरके गार्ड आले भर उन्हाचे, डोक्याला उपरणं,
मागे सिंधूताई, पिशवीत दोघांचे पासपोर्ट
वेफर्सच्या पुड्याखाली.
मुलानं तिकिटं काढलीत: सिंगापूरहून बोट,
पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. पाच रात्री.

"झोपायचं बोटीतच ना?" गार्ड म्हणाले,
"मग बंदराबंदराची परवानगी काबरं?"
चौतीस वर्षं त्यांनी भुसावळ सोडलं
हिरवी झेंडी दाखवत.
खंडवा, इटारसी, बडनेरा, सगळी गावं पाहिली
ब्रेकव्हॅनच्या दांडीला धरून.
"उतरलो कुठी? फलाट तेवढा आपला."

मी म्हटलं, काका, तसंच काहीसं आहे.
बोट लागते, पण जिना कागदावर उतरतो.
कागद नसेल तर डेकवर बसा,
रेलिंगला टेका, शहर बघा, चहा प्या.
आणि काही बोटी तर चढूच देत नाहीत.
तिसऱ्या बंदराचा व्हिसा नाही
म्हणून पहिल्याच काउंटरवरून माघारी.

शिवाय सिंगापूर दोनदा लागतं.
एकदा निघालात की पहिली एंट्री संपली.
परत शिरायला मल्टिपल हवी.

सिंधूताई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.
"माहेरासारखंच वं माय.
आपल्याला वाटतं, निघालो तसे परत येऊ."

फोटो काढले. मागे पांढरी चादर,
कान दिसले पाहिजेत, दात नकोत.
गार्डांना तीनदा सांगावं लागलं,
शिट्टी फुंकल्यासारखे गाल नका करू.
टिकली चालते का? चालते.

मग फॉर्म. आडनाव, वडिलांचं नाव.
जन्मस्थळ.

"पिंपरखुंटी."
टाइप केलं. यादीत नाही.
तालुका घातला, पिनकोड शोधला.
"पिनकोड कुठला, भाऊ.
हतनूरच्या पाण्यात गेलं ते.
मोठा पोटात होता माझा.
बापानं दाराची चौकट आणली काढून, विटा आणल्या,
मायनं तुळशीची माती आणली फडक्यात.
विहीर काही आणता आली नाही."

गार्ड पंख्याकडे बघत होते.

"एकदा गेलती मी. भोयाच्या होडीनं.
तीस रुपये घेतले त्यानं.
मधोमध वल्हं उचलून म्हणे,
ताई, मारुतीचं देऊळ अठीच, खाली.
थांबलो थोडा वेळ.
उतरायचं कुठं?"

बाहेर केळीचा कंटेनर वळत होता,
आत तेरा अंश थंडी, आखाताकडे निघालेला.
त्याचे कागद सकाळी मीच काढले होते.
कोणता घड कोणत्या शेतातला,
गट नंबरासकट लिहिलंय त्यात.

रकान्यात मी 'रावेर' घातलं.
पासपोर्टातही तेच होतं.
दोन्हीकडे जुळलं पाहिजे,
एवढंच बघतात.

बाराव्या दिवशी आले सगळे व्हिसे.
सिंधूताईंनी प्रिंट दारापाशी, उजेडात धरली.
"कितींदा जाता येतं म्हणे?"
हवं तितक्यांदा, काकू. मुदत आहे तोवर.
"आणि बोट थांबती किती?"
आठ तास.

"लय झाले," गार्ड म्हणाले,
"इंजिनात पाणी भरायला
दहा मिनिटं पुरायची आपल्याला."

पैसे देऊन निघाले.
सिंधूताई पायरीवरून मागे फिरल्या,
पिशवीतला वेफर्सचा पुडा काढून
स्कॅनरच्या काचेवर ठेवला,
आणि विचारलं,
"खाली उतरलं तर चपला घालाव्या लागतात का,
की अशीच चालली तर चालेल?"